ऑरिन टोफ्टचं पाव इंची रानमांजर

चांगलं चाललेलं काही ऑरिन टोफ्टला बघवत नसे. मोडकं दुरुस्त करायला त्याला आवडायचंच, पण न मोडलेलं दुरुस्त करायला फार आवडायचं. टोस्टर उत्तम चालत होता तेव्हा त्याने त्याची स्प्रिंग बदलली, आणि तेव्हापासून सकाळचा टोस्ट थाळीत न पडता सिंकमध्ये जाऊन पडतो. त्याच्या बायकोने, आर्डिसने, एकोणतीस वर्षं काउंटीच्या शाळेची बस चालवली. बर्फात, चिखलात, मागे चाळीस पोरं कोकलत असताना. पण एकोणतीस वर्षांत त्या चाळीस पोरांनी मिळून तिचं डोकं जेवढं उठवलं नाही, तेवढं या एका माणसाने निवृत्त झाल्यापासून उठवलं होतं.

निवृत्तीआधी तो रेल्वेच्या वर्कशॉपात टर्नर होता. घरी बसल्यावर त्याने गॅरेजमध्ये एक जुनी लेथ आणून ठेवली आणि स्वतःचं काडतूस काढलं. दुकानात मिळतात ती काडतुसं त्याला चालेनात. साडेसहा मिलिमीटरची पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळून पाव इंचाची करायची, खांदे उभे करायचे आणि तिच्यात एक लांबलचक जड गोळी बसवायची. ही गोळी इतकी लांब की साध्या पाव इंची रायफलीतून मारली तर हवेत कोलांट्या खात जाईल. म्हणून मग नळीही खास, आत घट्ट पीळ कोरलेली. कुठल्याही कारखान्यात न जन्मलेल्या अशा काडतुसाला नेमबाज मंडळी रानमांजर म्हणतात. मोंटानाच्या त्या भागात दर तिसऱ्या गॅरेजमध्ये एखादं जन्मलेलं असतं, आणि ज्याने काढलं तो त्याला स्वतःचं आडनाव चिकटवून मोकळा होतो. ऑरिनच्या मांजराचं नाव 'पंचवीस टोफ्ट'. आणि एवढ्या उपद्व्यापातून मरायचं काय, तर हजार यार्डांवर टांगलेला एक कागद.

चीड आणणारी गोष्ट अशी की ते काडतूस खरोखर चांगलं होतं. जड गोळीला वारा लवकर ढकलत नाही, आणि टोफ्टांच्या गोळीला तर तो जवळजवळ ढकलतच नसे. ऑरिनला स्वतःला मात्र नेम नव्हता. चाप ओढायच्या क्षणी तो डोळे मिटायचा आणि मिटत नाही म्हणून भांडायचा. नेम होता आर्डिसकडे. बापाच्या गुरांच्या कुरणात ती बाराव्या वर्षापासून रायफल चालवत होती. तेव्हा वाटणी ठरून गेली होती. बनवायचं ऑरिनने, मारायचं आर्डिसने.

आता त्या स्पर्धेचं सांगायला हवं. डिपर क्रीक रायफल क्लबात वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी, थंड्या नळीची स्पर्धा होते. इतर स्पर्धांत मोजणी सुरू व्हायच्या आधी दोन गोळ्या चाचणीला देतात. त्या कुठे लागतात ते बघून रायफलीवरच्या दुर्बिणीची खुंटी एकेक क्लिक फिरवून नेम वरखाली करता येतो. इथे चाचणी नाही. दहा गोळ्या, हजार यार्ड, आणि पहिल्या गोळीपासून गुण. शिवाय आधीचे दोन दिवस मैदान बंद, म्हणजे कुणी चोरून सराव करायचा नाही. जे घरून आणलं असेल ते चालवायचं. जिंकणाऱ्याचं नाव क्लबच्या भिंतीवरच्या फळीवर तापलेल्या सळईने कोरतात. त्यापलीकडे मिळत काहीच नाही, पण त्या फळीसाठी माणसं तीनशे मैलांवरून येतात.

आर्डिस चार वेळा दुसरी आली होती. पहिल्या वेळी ऑरिनने स्पर्धेच्या आठवड्यात काडतुसातली दारू बदलली. नवी दारू उन्हात कमी बिघडते असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि त्या दिवशी ढग होते. पुढच्या वर्षी त्याने पुंगळीचे खांदे आणखी उभे केले, त्याबरोबर नळीतली काडतूस बसायची जागा नव्याने कोरली, आणि सातवं काडतूस आत जाऊन असं अडकलं की बाहेर काढायला काठी लागली. एकदा गोळी इंचाचे तीन सहस्रांश जास्त खोल बसवली. एकदा काय केलं ते त्याने अजून कबूल केलेलं नाही. दर वेळी उन्हाळाभर ती रायफल हेवा वाटावा अशी चालायची आणि दर वेळी सप्टेंबरच्या तोंडावर याच्या हाताला खाज सुटायची.

आणि हे पाचवं वर्ष शेवटचं होतं. तिचा उजवा डोळा मधोमध विझत चालला होता. कडेचं सगळं स्वच्छ दिसायचं, पण नेमकं मधलं, जिथे दुर्बिणीची फुली असते, तिथे धुरकट डाग उठायला लागला होता. डावा डोळा लहानपणापासूनच आळशी. डॉक्टर म्हणाला होता, या मोसमात निभेल, पुढच्यात नाही. म्हणजे फळीवर नाव लागायचं तर याच सप्टेंबरात, नाहीतर कधीच नाही.

म्हणून जुलैत तिने ऑरिनला स्वयंपाकघराच्या टेबलाशी समोर बसवलं होतं.

"नीट ऐक. एकशे एकतीस ग्रेनची गोळी. जूनमध्ये भरली होतीस तीच दारू, तेवढीच. तेवढीच खोल. साठ काडतुसं भरायची, डबा बंद करायचा, आणि मग त्या डब्याकडे बघायचं पण नाही."

"मी काय म्हणतो, आता एकशे अडतीसची नवी गोळी निघालीय—"

"ऑरिन."

"नुसतं सांगतोय. वाऱ्यात आणखी—"

"ऑरिन! रायफल चांगली चाललीय. चांगली! तुला हा शब्द कळतो का? चांगलं म्हणजे ज्याला हात लावायचा नसतो."

"बरं बाबा, नाही लावत."

"शपथ घे."

त्याने शपथ घेतली. ऑरिनची शपथ म्हणजे हवामानाचा अंदाज, पण दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं.

गुरुवारी, स्पर्धेला तीन दिवस राहिले असताना, आर्डिस गॅरेजच्या फ्रीजरमधून एल्क हरणाचा खिमा आणायला गेली. ऑरिन गावात गेला होता. कामाच्या बाकावर गोळ्यांचं एक नवंकोरं खोकं उघडं पडलं होतं, अर्ध्याहून रिकामं. एकशे अडतीस ग्रेन. शेजारी तिच्या काडतुसांचा लाल डबा.

तिने खिमा बाजूला ठेवला. डब्यातून एक काडतूस काढून उजेडात धरलं. डोळ्यांना काही कळण्यासारखं नव्हतं. दोन्ही गोळ्या सारख्याच लांब नाकाच्या, आणि तिच्या डोळ्यांना तर फरक मुळीच कळला नसता. पण बाकावर ऑरिनचा काटा होता. तिने ते काडतूस तोललं. मग दुसरं. मग डब्याच्या दुसऱ्या टोकाचं तिसरं. प्रत्येक काडतूस जूनमधल्यापेक्षा सात ग्रेनने, म्हणजे जेमतेम अर्ध्या ग्रॅमने, जड भरलं.

ती तिथेच लेथच्या स्टुलावर बसली. ओरडून उपयोग नव्हता. आजवरच्या चार वेळा ती ओरडली होती. ओरडलं की ऑरिन आधी तासभर समजावून सांगायचा, कागदावर बाण काढून, मग तोंड पाडून सगळं उपसायचा आणि घाईघाईत तिसरंच काहीतरी भरून ठेवायचा, जे त्याचं त्यालाही माहीत नसायचं. निदान हे तरी माहीत होतं. त्याची वही बाकावरच होती आणि तिच्यात नव्या गोळीचा वेग पेन्सिलीने लिहिलेला होता. आर्डिसने फोनवर गोळी किती खाली पडते त्याचा तक्ता उघडला, आकडे भरले. नवी गोळी जरा हळू निघते, हजार यार्डांवर आठेक इंच खाली पडेल. म्हणजे दुर्बिणीवर तीन क्लिक वर. बस. याला काही बोलायचं नाही, दाखवायचं नाही, तीन क्लिक चढवायचे आणि जिंकायचं. आणि एकदा का नाव फळीवर लागलं, की मग याला असं सोलायचं की ख्रिसमसपर्यंत सालं निघत राहतील.

तिने काडतुसं होती तशी ठेवली आणि खिमा घेऊन आत गेली. त्या संध्याकाळी तिने जेवण इतक्या जोरात वाढलं की ऑरिनने मीठ मागायचंही टाळलं.

शुक्रवारी तिची डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ होती. ग्रेट फॉल्सला, जाऊन-येऊन पूर्ण दिवस. ऑरिन सकाळी ट्रकची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता.

"मी नेतो ना."

"नको. जीनेट नेतेय."

"जीनेटला कशाला त्रास? मी मोकळाच आहे."

"तू कधी मोकळा नसतोस, ऑरिन. हीच तर पंचाईत आहे."

तो तसाच उभा राहिला आणि जीनेटची गाडी वळेपर्यंत बघत राहिला. जीनेट क्लबची चिटणीस. तिने वाटेत दोनदा विचारलं, काय झालंय, आणि आर्डिसने दोनदा काही नाही म्हटलं. डॉक्टरने डोळ्यात थेंब घातले, दिवा मारला आणि आधी सांगितलेलंच पुन्हा सांगितलं, फक्त या वेळी जरा हळू आवाजात.

ती परतली तेव्हा ऑरिन सिंकपाशी हात धूत होता. बोटांच्या टोकांना फोड आले होते. शनिवारी जेवताना त्याने काटा खाली ठेवला.

"आर्डिस, त्या काडतुसांचं जरा—"

"मला काडतुसांबद्दल एक शब्द ऐकायचा नाहीये."

"नाही, पण मी काय—"

"एक शब्द नाही! उद्या संध्याकाळपर्यंत तू मुका आहेस असं समज. मला झोपायचंय, मला श्वास नीट ठेवायचाय, आणि तुझं तोंड उघडलं की माझी नाडी नव्वदवर जाते. खा."

त्याने खाल्लं.

रविवारी सकाळी मैदानावर वारा पश्चिमेकडून, अंगावर येईल इतकाच. हजार यार्डांच्या वाटेवर लावलेली निशाणं आळसावून हलत होती. नियमाप्रमाणे अर्धे नेमबाज आधी मारतात आणि उरलेल्यांतले काही समोरच्या खंदकात बसून कागद खालीवर करतात, काही मागे बसून गुण लिहितात, मग अदलाबदल. ड्वेन क्रॅमलिच पहिल्या तुकडीत होता. ड्वेन म्हणजे गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी आर्डिसला हरवणारा माणूस, गव्हाचा शेतकरी, दुकानातली काडतुसं वापरणारा आणि दुकानातली वापरतो हे दर दहा मिनिटांनी सांगणारा. त्याला शंभरपैकी सत्त्याण्णव पडले. अशा वाऱ्यात सत्त्याण्णव म्हणजे वाईट नव्हे, पण आर्डिसने उन्हाळाभर अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव केले होते.

"आर्डिस, यंदा मांजर मेलं तर नाही ना वाटेत?" ड्वेनने विचारलं. एकाने मारायचं आणि स्पर्धेतल्याच दुसऱ्याने मागे बसून त्याचे गुण लिहायचे अशी तिथली रीत. आर्डिसच्या मागची खुर्ची त्याच्या वाट्याला आली होती.

"तू पेन्सिल नीट धर. सत्त्याण्णवपुढचे आकडे लिहायची सवय नाहीये तुला."

"अगं, मी सगळे लिहीन. तुझा नवरा लिहू देईल तेवढे."

ऑरिन दहा पावलं मागे दोरीपलीकडे तिवईवर दुर्बीण लावून उभा होता. मारणाऱ्याला बाहेरून काही सांगायला मनाई, म्हणून बोलायचं ते आधीच बोलायला हवं होतं. आर्डिस चटईवर पडण्याआधी तो दोरीला पोट टेकवून पुढे वाकला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जुनीच आहेत ती. एकशे एकतीस. शपथ."

आर्डिसने त्याच्याकडे बघितलं. तिला मनापासून राग आला. तीन काडतुसं तिने स्वतः तोलली होती, स्वतःच्या हाताने, आणि हा माणूस भर मैदानात तोंड वर करून शपथ घेत होता.

"हो का," ती म्हणाली. आणि खाली पडून तिने तीन क्लिक वर चढवले.

पहिली गोळी. चाप कधी सुटला तिला कळलं नाही, म्हणजे उत्तम सुटला. समोर कागद खाली गेला. हजार यार्ड लांब, खंदकात कुणीतरी भोक शोधून त्यात पांढरी चकती खोचली, आणि कागद पुन्हा वर आला. दहाचं वर्तुळ जेवणाच्या ताटाएवढं असतं. चकती ताटाच्या बाहेर होती. सरळ वर, आठेक इंच.

"नऊ," ड्वेन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. पहिल्याच गोळीला नऊ पडल्यावर टोमणा मारायचा नसतो.

आर्डिसच्या मनात पहिला विचार आला तो असा: याने आणखी काहीतरी केलंय. दारूही वाढवली असणार. पण एका गोळीवरून क्लिक हलवायचे नसतात, हे तिला बापाने बाराव्या वर्षीच शिकवलं होतं. एक गोळी काहीही करू शकते. तिने तसंच ठेवून दुसरी मारली.

चकती पुन्हा वर आली. त्याच जागी. इतकी त्याच जागी की खंदकातल्या माणसाने आधीचं भोक बुजवायला चिकटवलेली पट्टीच फाडून गोळी गेली असावी.

"नऊ."

मग मात्र तिने चापावरचं बोट काढलं. बिघडलेलं काडतूस असं मारत नाही. बिघडलेलं काडतूस एक इकडे टाकतं, एक तिकडे. इथे दोन गोळ्या एकाच भोकात होत्या, हजार यार्डांवर, आणि दोन्ही आठ इंच वर. तीन क्लिक म्हणजे किती? आठ इंच. सरळ तीन क्लिक. रायफल तिने सांगितलं तिथेच मारत होती. जुनी काडतुसं होती ती. एकशे एकतीस. कसं ते तिला कळेना, गुरुवारचा काटा खोटा नव्हता, पण समोरचा कागदही खोटा नव्हता. लग्नाच्या अडतीस वर्षांत पहिल्यांदा ऑरिन टोफ्टने दिलेला शब्द पाळला होता, आणि तिने तो धुडकावून दोन गुण घालवले होते.

"आर्डिस? वेळ चाललीय," ड्वेन हळूच म्हणाला.

तिने तीन क्लिक खाली उतरवले. तिसरी गोळी ताटाच्या मध्यात गेली. चौथी तिला खेटून. डोळ्यातला डाग तोवर जागा झाला होता. फुलीच्या मध्यभागी धूर, कडेला सगळं लख्ख. तिने फुलीच्या चार दांड्यांकडे बघून मधलं अंदाजाने धरलं आणि मारत राहिली. सहाव्याला वाऱ्याने फसवलं, नऊ. नवव्यालाही नऊ, तिथे डोळ्याने. दहावी पुन्हा मध्यात.

ड्वेनने बेरीज केली, पुन्हा केली, आणि पाटी तिच्यासमोर धरली. शहाण्णव.

"चांगली मारलीस," तो म्हणाला. "खरंच. शेवटच्या आठ बघून माझं पाणी झालं होतं. एका गुणाने वाचलो."

"नाव नीट कोरून घे," आर्डिस म्हणाली. "गेल्या वेळी त्यांनी तुझ्या आडनावातलं अर्धं खाल्लं होतं." तिचा आवाज धड होता. रायफल पिशवीत घालताना मात्र चेन तीनदा अडकली.

क्लबहाउसमध्ये खिम्याची तिखट चिली वाढत होते आणि सळई तापत ठेवली होती. ती तिकडे गेली नाही. ऑरिन आधीच ट्रकपाशी पोचला होता. ट्रकच्या मागच्या उघड्या फाळक्यावर बसून तो खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहीत होता. तिला बघून त्याने वही मिटली.

"चूक माझी," तो म्हणाला.

"ऑरिन—"

"नाही, थांब. काल बोलू दिलं नाहीस, आज बोलतो. बुधवारी मी ती नवी भरली होती. एकशे अडतीस. साठच्या साठ. मला राहवलं नाही, मी काय करू, ती गोळी इतकी सुंदर आहे. मग शुक्रवारी तू गेलीस. मला नेऊ पण दिलं नाहीस. घरात बसलो तर नुसता डॉक्टर दिसायला लागला, तुझ्या डोळ्यात दिवा मारणारा. मला लाज वाटली, आर्डिस. मग बसलो आणि सगळी उपसली. एकेक. सकाळी आठपासून चारपर्यंत. गोळी काढ, दारू ओत, जुनी गोळी बसव. पण गोळी उपसली की पुंगळीची मान सैल पडते. त्यातल्याच दोन तुला पहिल्या लागल्या. सांगायला हवं होतं मी. दोन नऊ माझे आहेत."

त्याने हे सगळं बुटांकडे बघत सांगितलं. त्याच्या बोटांवरचे फोड फुटले होते.

गप्प राहणं सोपं होतं. फार सोपं होतं. आधीच्या चारही वेळा दोष त्याचाच होता, पाचवाही त्यानेच आपण होऊन खांद्यावर घेतला होता, आणि कुणालाही, ड्वेनला, जीनेटला, सगळ्या काउंटीला तो पटला असता. पण मग तो घरी जाऊन सगळ्या माना तपासत बसला असता, आणि त्याची समजूत कायमची होऊन बसली असती की आयुष्यात एकदा दिलेला शब्द पाळला, तो हिला नडला.

"माना सैल नव्हत्या," आर्डिस म्हणाली. "दोन्ही गोळ्या एकाच भोकात होत्या. मी तीन क्लिक वर चढवले होते."

"काय?"

"गुरुवारी मी ती तोलली होती. मला वाटलं नवीच आहेत."

ऑरिनने मान वर केली. हळूहळू ते त्याच्या डोक्यात उतरताना तिला दिसलं.

"मग मला विचारायचं तरी!"

"तू सांगायचं तरी!"

"सांगितलं की! दोरीला लटकून सांगितलं! जुनीच आहेत म्हणालो, शपथ घेतली!"

"तुझी शपथ! किती शपथा घेतल्यास तू, ऑरिन? कुठली खरी धरायची ते कसं कळणार माणसाला?"

"आजची!" तो ओरडला. तो कधी ओरडत नसे. ओरडणं हे घरात तिचं काम होतं. गाड्यांपाशी उभी असलेली दोन-चार माणसं वळून बघायला लागली. "आजची खरी होती! आठ तास मी तिथे बसलो होतो! एकदा, आर्डिस. अडतीस वर्षांत एकदा मी चांगल्याला हात लावला नाही. आणि तू लावलास!"

चार वेळा हरून ती या मैदानावरून गेली होती आणि चारही वेळा घरापर्यंतचे साठ मैल त्याला बोलत गेली होती. म्हणून तर ते हरणं सोसलं होतं. आजही तेच साठ मैल होते, शेजारी तोच माणूस बसणार होता, आणि बोलायला काही नव्हतं. दोन गुण तिचे होते. ती फळी, तो डोळा, पुढचा सप्टेंबर, सगळं आता तिचं एकटीचं होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. वारा होता म्हणून जरा मोठ्याने.

ऑरिन फाळक्यावरून उतरला. त्याने तिच्या हातातली रायफल घेतली, मागे ठेवली, आणि तिच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"ऐकलं," तो म्हणाला. "बस आता."